तांबडीच्या बदल्यात

सकाळी स्वतःचं तोंड धुवायच्या आधी तो कुत्रीपुढे पाण्याचं घमेलं ठेवायचा आणि समोर उकिडवा बसायचा. कुत्री लपलप पाणी प्यायची. तिचं पिऊन होईपर्यंत तो जागचा हलायचा नाही. मग उरलेलं पाणी अंगणाबाहेर फेकायचा, गुडघ्यांवर हात टेकत उठायचा आणि कामाला लागायचा.

बायकोला आधी हसू आलं. "मला इतक्या प्रेमाने कधी पाणी विचारलं नाहीत," ती म्हणाली.

सासू चुलीपाशी लाकडं सारत होती. "सासरी निघालीय ना ती आता," सासू म्हणाली. "माहेरपण चाललंय तिचं."

दोघी हसल्या. तो हसला नाही. पण हसणाऱ्यांतला तो कधी नव्हताच, म्हणून कुणी ते मनावर घेतलं नाही.

तांबडी सासरी निघाली होती हे मात्र खरं. हंगामाच्या सुरुवातीलाच घरातली म्हैस गेली होती. दावं तोडून दुसऱ्याच्या कोवळ्या पिकात शिरली, अधाशासारखं खाल्लं, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, आणि गुरांचा डॉक्टर येईपर्यंत तिने पाय ताणले. घर चालायचं ते तिच्या दुधावर. शेत होतं, पण अगदी रानाच्या कडेला, आणि त्यातला अर्धा मका पेरायचा तो रानडुकरांसाठीच. म्हैस गेल्यावर नवऱ्यापुढे एकच वाट उरली होती, खडीच्या खाणीवर जायचं. त्याचा थोरला भाऊ त्याच खाणीवर होता. छातीत दगडाची भुकटी भरून तो घरी आला आणि मागच्या खोलीत खोकत खोकत वारला. ते खोकणं या घराने एक आख्खी थंडी ऐकलं होतं. त्यानंतर घरात कुणी खाणीचं नाव काढलं की सासू उठून बाहेर जायची.

अशात बंदूकवाला आला. टेकडीपलीकडे त्याच्या फळबागा होत्या. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती, मागे फिरायला माणसं होती. नव्हती ती चांगली कुत्री. होती नव्हती ती डुकरांनी फाडली होती. तांबडीला त्याने रानात काम करताना पाहिलं होतं. अडाणी कुत्रं डुकराच्या अंगावर झेप घेतं आणि सुळ्याने पोट फाडून घेतं. तांबडी डुकराला शिवायचीच नाही. त्याच्या तोंडापुढे नाचायची, डावीकडून भुंकायची, उजवीकडून चिमटा काढून पळायची, आणि माणूस पोचेपर्यंत त्या धुडाला जागच्या जागी फिरवत ठेवायची. हे शिकवून येत नाही. असलं तर असतं.

"एक पारडी देतो," बंदूकवाला म्हणाला होता.

नवऱ्याने मान हलवायला घेतलीच होती. बायको दारातून पुढे आली.

"पारडी दूध कधी देणार भाऊ? तोवर आम्ही तिच्या तोंडाकडे बघत बसायचं का?"

"वहिनी, कुत्रीच आहे शेवटी."

"मग नुसती कुत्री कुठेही मिळतील की. तुमची किती फाटली डुकरापुढे?" तिने तांबडीला ओढून मांड्यांमध्ये धरलं आणि तिची लव उलटी फिरवून दाखवली. "हिच्या अंगावर हात फिरवा. एक ओरखडा सापडला तर फुकट घेऊन जा."

बंदूकवाल्याने खरंच हात फिरवला. मानेवर, बरगड्यांवर, पोटाखाली. ओरखडा सापडला नाही. तो कुरकुरला, उठून गेला, परत आला, चहा पिऊन पुन्हा उठला. अखेर दुसऱ्या वेताची दुभती म्हैस द्यायचं कबूल करून गेला. म्हैस आणायला महिन्याचा गुरांचा बाजार उलटून जाईल म्हणाला. त्या दिवशी बायकोचे पाय जमिनीवर नव्हते. सासूने तिच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या पोराच्या जागी तूच बाजारात जात जा," सासू म्हणाली.

हे झालं, आणि त्यानंतर काही दिवसांनी घमेल्याचा प्रकार सुरू झाला.

बायकोच्या लक्षात आणखी काही काही येऊ लागलं. ठकी, त्यांची लेक, रांगायची तेव्हापासून तांबडीच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची. आता नवरा तिला उचलून आत नेऊ लागला. "केस चिकटतात अंगाला," म्हणायचा. इतकी वर्षं चिकटले तेव्हा चालत होते. त्याच्या अंगठ्याला चिंधी होती; कुंपण घालताना काटा गेला म्हणाला. काटा सगळ्यांनाच जातो, पण चिंधी कोणी इतके दिवस बांधत नाही. आणि एकदा दुपारी मक्यातून परतल्यावर तो माठापाशी उभा राहून पाणी प्यायला, तेव्हा ती बाजूने बघत होती. त्याने तांब्या तोंडाला लावला, थांबला, डोळे मिटले आणि घटाघटा सगळा संपवला. मग गळ्यावर हात ठेवून उभा राहिला. कसलीतरी परीक्षा दिल्यासारखा.

बंदूकवाला उद्या येणार असा निरोप आला, त्या दुपारी ती तांबडीला आंघोळ घालायला बसली. पोरीला सासरी पाठवताना मळकी कशी पाठवायची? तांबडी पाण्याला कंटाळायची, पण मार खाल्ल्यासारखं तोंड करून उभी राहायची. बायकोने साबण चोळला, पाठ झाली, पाय झाले. कानामागे, मानेच्या जाड लवेत तिची बोटं थबकली. चामडीला गाठी होत्या. तिने लव बाजूला केली. राख आणि काजळी भरून कुणीतरी नीट लपवलेल्या, भरत आलेल्या जखमा होत्या. वर दोन, खाली दोन.

डुकराचा सुळा ओढून फाडतो, त्याची रेघ उमटते. ही रेघ नव्हती. असल्या खुणा तिने खुराड्यातल्या मेलेल्या कोंबड्यांच्या मानेवर पाहिल्या होत्या. तिथे कोल्हा येऊन गेलेला असायचा.

नवरा रिकाम्या गोठ्यात होता. उद्या येणाऱ्या म्हशीसाठी खुंटा ठोकत होता. ती ओल्या हातांनीच आत गेली.

"तांबडीला काय चावलं?"

खुंट्यावरचा घाव चुकला आणि हातोडा जमिनीवर आपटला.

"मी विचारतेय काहीतरी."

"हळू बोल. आई ऐकेल."

"काय चावलं?"

तो खुंट्याकडेच बघत बोलला. "कोल्हा. भर दुपारी आला. मक्याच्या कडेने सरळ चालत. मला बघून पळाला नाही. पाय लटपटत होते, तोंडातून लाळ गळत होती. तांबडी आडवी गेली. मी फावड्याने मारला त्याला. पुरला."

ती गव्हाणीच्या कडेला टेकली. पिसाळलेलं जनावर कसं दिसतं, पाण्याला कसं घाबरतं हे तिलाही माहीत होतं, पण तो शब्द दोघांनीही उच्चारला नाही. जणू म्हटला नाही तर तो घरात येणार नव्हता.

"आणि अंगठा?"

"ओढायला गेलो मध्ये. त्याच्या जबड्यातून तिला सोडवायला."

"काटा म्हणालात मला."

तो हातोडा उचलायला वाकला.

"सुया का नाही घेतल्या? फुकट मिळतात!"

"कुठे घेऊ?" आता तो वर बघत होता, आणि त्याचे डोळे बघून तिला रडू फुटेल असं वाटलं. "इथल्या दवाखान्यातला कंपाउंडर बंदूकवाल्याचा मेहुणा. आज सुई घेतली की संध्याकाळी टेकडीपलीकडे बातमी. मग कसली म्हैस आणि कसलं काय. एकदा व्यवहार होऊ दे, मग मोठ्या गावी जाऊन घेतो. ती पाणी पिते की नीट. रोज बघतो मी. काही झालं असतं तर एव्हाना..." वाक्य त्याला पुरं करता आलं नाही.

"आणि त्यांच्या घरात काही झालं तर? त्यांच्याकडे माणसं नाहीत?"

"मी खाणीवर जाऊ?"

तिला आठवलं, लव उलटी फिरवून दाखवणारी तीच. भाव चढवणारी तीच. पारडीवर भागलं असतं, तर कोल्हा यायच्या आधीच तांबडी टेकडीपलीकडे गेली असती. बाहेर ठकी हाका मारत होती, "तांबे, ये ना, तांबे." ती धावत बाहेर गेली आणि पोरीला काखेत उचलून तिचं तोंड, गाल, हात पदराने इतके चोळले की पोर रडायला लागली.

रात्री जेवणं उरकली. सासूच तेवढी बोलत होती, म्हशीला कुठल्या नावाने हाक मारायची ते.

सकाळी तांबडी पाणी प्याली. या वेळी दोघंही बघत बसली होती. घमेलं रिकामं झालं तेव्हा बायकोने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण तिच्याही मनात आलं होतं, पिते की नीट. कोल्हा नुसता आजारीही असेल. म्हाताराही असेल. भीतीला एकदा दूध दिसलं की ती कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायला तयार होते.

उन्हं अंगणात उतरली आणि टेम्पो आला. बंदूकवाला स्वतःच चालवत होता. मागचं फळकूट पाडलं, आणि म्हैस एकेक पाय जपून टाकत उतरली. काळीभोर, रुंद पाठीची, कास अशी तटतटलेली की सडांच्या टोकाला थेंब. सासू तिच्याजवळ गेली आणि कपाळावर हात ठेवून नुसती उभी राहिली. बायकोही गेली. कासेला हात लावला. गरम होती. हे सगळं आपलं आहे, फक्त गप्प राहायचं, एवढंच काम आहे, असं तिला वाटलं, आणि ती गप्प राहिली.

"आणा तांबडीला," बंदूकवाला म्हणाला. बंदूक खांद्यावर होतीच. तिच्याशिवाय तो कुठे जात नसे.

शिकारी कुत्र्याचा व्यवहार तिथे नुसत्या बोलण्याने पुरा होत नसे. नव्या मालकाने सुक्या मांसाचा तुकडा स्वतःच्या तोंडात चावायचा, ओला करायचा, तळहातावर घेऊन कुत्र्यापुढे धरायचा. कुत्र्याने तो खाल्ला आणि तळहात चाटून साफ केला की कुत्रं त्याचं. मग संध्याकाळी ते मेलं तरी कुणी माघारी फिरायचं नाही. दोन्ही बाजूंनी.

नवऱ्याने तांबडीला साखळीने आणलं. त्याची मान खाली होती. बंदूकवाल्याने हात फिरवायला सुरुवात केली. पाठ, बरगड्या, पोट. मानेवर हात आला तशी तांबडीने आनंदाने डोकं वळवलं आणि त्याचं मनगट चाटायला गेली. तो हसला, हात काढून घेतला. "बघायचं काय, वहिनींनी शब्द दिलाय," तो म्हणाला.

मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं.

"वहिनी, तोंड का उतरलं? म्हैस पसंत नाही?"

तिने मान हलवली. हो की नाही, ते तिलाही कळलं नाही.

बंदूकवाला बाजारात मुरलेला माणूस. गप्प बाईचा त्याला एकच अर्थ ठाऊक होता. "बरं, गळ्यातली घंटा आणि दावं काढून घेणार होतो, राहू दे. झालं समाधान?"

ती गप्प.

"अहो, बोला की. एक गाडी चारा टाकतो वर. हिरवा."

नवरा तिच्याकडे बघत होता. त्याचा अंगठा मुठीत मिटलेला होता. ती गप्पच.

"काय बाई आहे!" बंदूकवाला हसला, पण त्याला घाम आला होता, हातातून सौदा निसटतोय असं वाटलं की त्याला यायचा. "ती पारडी पण घ्या. पहिली बोललो होतो ती. म्हैस आणि पारडी, एका कुत्रीला! गावात सांगू नका, लोक मला वेड्यात काढतील."

सासूने तिच्या दंडाला चिमटा घेतला. "पुरे आता. ताणू नकोस इतकं," सासू पुटपुटली.

बंदूकवाल्याने खिशातून मांसाचा तुकडा काढला, तोंडात टाकला, चावू लागला. चावता चावता तो तांबडीपुढे बसला. तांबडीच्या नाकपुड्या हलल्या, शेपटी हलली. त्याने तुकडा तोंडातून काढून तळहातावर घेतला आणि हात पुढे केला. तो तळहात बायकोला अगदी जवळून दिसला. काल-परवा कुठेतरी काट्यांचं कुंपण घातलं असणार. बोटांच्या पेरांशी ताजे ओरखडे होते, एकातून अजून रक्त पाझरत होतं. त्यावर आता तांबडीची जीभ फिरणार होती.

तिने त्या हातावर जोरात फटका मारला. तुकडा धुळीत उडाला. तांबडी त्याच्यावर झेपावली, साखळी ताणली गेली.

"चाटू देऊ नका!" ती ओरडली. "तिला कोल्हा चावलाय! पिसाळलेला होता!"

म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली. बंदूकवाला बसल्या जागेवरून मागे सरकला, हात आपल्या सदऱ्याला पुसू लागला, मनगट पुन्हा पुन्हा बघू लागला. "लागली का? लागली का जीभ?" तो स्वतःलाच विचारत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग तो उठला आणि नवऱ्याच्या अंगावर धावून गेला, पण जवळ जाताच थबकला. मिटलेली मूठ त्याने पाहिली होती.

"हात उघड."

नवऱ्याने उघडला.

"कधी?"

"कणसं भरत होती तेव्हा."

"आणि सुई?"

नवऱ्याने मान हलवली.

"अरे माणसा," बंदूकवाल्याचा आवाज फाटला, "कुत्रीसाठी मरायला निघालास?"

"कुत्रीसाठी नाही," नवरा म्हणाला. "म्हशीसाठी."

सासू म्हशीपाशीच होती. तिने म्हशीच्या कपाळावरचा हात हळूच काढून घेतला.

बंदूकवाल्याने हौदावर हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. परत आला तेव्हा बंदूक त्याच्या हातात होती. "ही इथे ठेवता येणार नाही. तुझ्या घरात पोर आहे."

"बांधून ठेवतो. पाणी पिते ती, आज सकाळीच..."

"आज पिते."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने ठकीला घट्ट धरलं होतं. तिने डोळे मिटले आणि मान हलवली. त्याने साखळीचं टोक बंदूकवाल्याच्या हाती दिलं.

बंदूक हातात बघितल्यावर तांबडीचं अंग आनंदाने थरथरू लागलं. बंदूक म्हणजे रान. ती उड्या मारू लागली, ओढू लागली, मक्याच्या बांधावरून पुढे धावायला निघाली. थोडं पुढे जाऊन ती वळली आणि नेहमीसारखी मागे बघू लागली, सगळे येताहेत ना, म्हणून. नवरा आला नाही. ती थांबली, एकदा भुंकली. बंदूकवाल्याने साखळी ओढली तेव्हा पुन्हा पुढे झाली. मका उंच होता. दोघं दिसेनाशी झाली.

बार झाला तेव्हा म्हैस दचकली आणि दाव्याला हिसका बसला. नवऱ्याने सवयीने दावं आवरलं. सासू कुदळ शोधायला गेली.

"बसा गाडीत," बंदूकवाला परत येऊन म्हणाला. तो कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हता. "मलाही घ्यायचीच आहे सुई. पोरीलाही आणा."

पुढे एकाच माणसाला जागा होती आणि तिथे नवऱ्याला बसवायला बंदूकवाला तयार नव्हता. तिघं मागे बसली, परत चढवलेल्या म्हशीजवळ. फळकूट लावलं गेलं. रस्ता खराब होता. धक्का बसला की म्हैस घसरायची आणि नवरा दोन्ही हातांनी तिला आधार द्यायचा, जणू तिला सुखरूप पोचवायची जबाबदारी त्याचीच होती. सकाळपासून तिला कुणी पिळलं नव्हतं. प्रत्येक धक्क्याला सडांतून दूध गळत होतं आणि फळ्यांवरून वाहत बायकोच्या पायांपाशी येत होतं. ठकीने त्यात बोट बुडवलं. बायकोने बोट पुसलं.

"पूर्ण प्यायली होती ना गं सकाळी?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

"घमेलं रिकामं केलं होतं?"

"हो. मी पाहिलं."



मोठ्या गावच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि रागावली होती. तिने नवऱ्याचा अंगठा नळाखाली धरून किती तरी वेळ धुवायला लावला. जखम केव्हाच मिटली होती, तरी धुवायला लावला. कुत्रीने चाटलं होतं त्या सगळ्यांना सुया घ्याव्या लागतील म्हणाली. बायकोला, ठकीला, घरी राहिलेल्या म्हातारीलाही. पुन्हा पुन्हा यावं लागेल, एकही चुकवायची नाही.

"मग काही होणार नाही ना?" बायकोने विचारलं.

डॉक्टरिणीने कागदावर काहीतरी लिहिलं. "लगेच यायला हवं होतं," ती म्हणाली. "तरी आता आलात ते बरं. बघत राहायचं."

बाहेर पडवीत बाकावर तिघं बसली. बंदूकवाला सुई घेऊन, म्हैस घेऊन निघून गेला होता. ठकी रडून रडून बायकोच्या मांडीवर झोपली होती. ऊन डोक्यावर आलं होतं. कोपऱ्यात पाण्याचा पिंप होता, त्यावर साखळीला बांधलेला पेला. सकाळपासून कुणाच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

बायको ठकीला बाकावर निजवून उठली. पेला भरला. साखळी पुरत नव्हती म्हणून नवऱ्याला तिने जवळ बोलावलं. तो आला. तिने पेला त्याच्या हातात दिला आणि पिंपाच्या कडेला, त्याच्या समोर, उकिडवी बसली.

त्याला कळलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, पेला तोंडाला लावला. त्याच्या गळ्याची गाठ वर गेली, खाली आली, वर गेली. ती बघत होती. एक थेंबही त्याने सांडला नाही. पेला पालथा करून दाखवला.

मग त्याने तो पुन्हा भरला, तिच्या हातात दिला, आणि तिच्यासमोर बसला.